गिरणीवरच्या गांगुर्डे बाई

नाशिकच्या सातपूर कॉलनीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर सुमन गांगुर्डे बाईंचा तैलचित्रांचा क्लास भरायचा. फक्त रविवारी सकाळी. एरवी खाली गिरणी चालू असायची आणि उडालेलं पीठ जिन्यानं वर येऊन ओल्या रंगावर बसायचं. म्हणून बाईंनी गिरणीवाल्याशी करार केला होता: रविवारी दुपारपर्यंत गिरणी बंद. बदल्यात बाईंनी त्याच्या वडिलांचं तैलचित्र काढून दिलं होतं आणि ते खाली काट्याच्या वर टांगलेलं होतं. करार दोन्ही बाजूंनी पाळला जायचा. पण तैलरंग काही एका रविवारी वाळत नाही. आठवडाभर बाजरी-ज्वारी वर येतच राहायची. आमच्या क्लासमधल्या कुठल्याही चित्रावरून हात फिरवलात तर तो जरा रवाळ लागेल. नवा विद्यार्थी कुरकुरला की बाई म्हणायच्या, "भाकरी खाणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. पीठ लागणारच."

मी तिथे चित्रकार व्हायला गेले नव्हते. माझे पप्पा अंबडच्या कारखान्यात कामगार होते आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' पासून. ज्या माणसांसाठी मोर्चा निघतो त्यांचे चेहरे फलकावर कधीच नसतात, असतात ते पुढाऱ्यांचे गुळगुळीत फ्लेक्स, हे मला तेव्हाही सहन होत नव्हतं आणि आजही होत नाही. तेव्हा कामकरी माणसांचे चेहरे आपणच रंगवायचे, त्यासाठी चार रविवार शिकून घ्यायचं, असा माझा बेत होता.

बाई ठेंगण्या, काटक, सत्तरीला आलेल्या. महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. सुती साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट उलटा घालायच्या, बटणं पाठीवर. अंबाड्यात एक ब्रश खोचलेला. माणसाकडे बघताना एक डोळा मिटायच्या. क्लासमध्येच नाही, भाजीबाजारात, रिक्षात, बँकेच्या रांगेतसुद्धा. त्यामुळे नवीन माणूस दचकायचा.

माझ्याकडेही त्यांनी तसंच एक डोळा मिटून बघितलं.

"ब्रश आणलेस?"

"हो. चार आणलेत."

"छान. ठेव तिकडे आणि त्या खुर्चीवर बस."

नव्या विद्यार्थ्यानं पहिला महिना ब्रशला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. त्यानं खुर्चीवर बसायचं आणि जुन्यांनी त्याचं चित्र काढायचं. 'मॉडेल' हा शब्द बाईंना आवडायचा नाही, त्या 'बसणारा', 'बसणारी' असं म्हणायच्या. दुसऱ्याच्या नजरेखाली आपण किती अवघडतो हे ज्यानं अनुभवलं नाही, त्यानं दुसऱ्याला बसवू नये, असं त्यांचं म्हणणं.

मी बसले. थोड्याच वेळात पाठ धरली, नाक खाजायला लागलं. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून मी कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलायला सुरुवात केली.

इझलमागून बाईंचा आवाज आला, "बोल, पण मान हलवू नकोस."

"बाई, मान न हलवता मुद्दा कसा पटवणार?"

"तुझे पप्पा कारखान्याच्या गेटवर धरणं धरून बसायचे ना?"

"हो. पावसातसुद्धा."

"मग तेच कर. हे धरणंच आहे."

सगळे हसले. मी बसून राहिले. पप्पांचं उदाहरण दिल्यावर उठणार कशी?

क्लास सुटताना मला त्यांचा दुसरा नियम कळला आणि मी त्या क्लासची झाले. चित्र झालं की ते सगळ्यात आधी बघायचं बसणाऱ्यानं. त्याला आक्षेप घ्यायचा अधिकार होता. 'हा मी नाही' असं तो म्हणाला, तर काढणाऱ्यानं वाद न घालता सुरीनं रंग खरवडायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा सुरुवात करायची. बसणाऱ्याला त्या सकाळची मजुरी मिळायची ती वेगळीच. लोकशाहीवर मी लहानपणापासून भाषणं ऐकत आले आहे, पण तिचा इतका चोख कारभार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बसणाऱ्यांमध्ये ताराबाई म्हणून एक होत्या, कॉलनीच्या बाजारात मेथी-पालक विकणाऱ्या. त्यांचं चित्र पाठक काकांनी काढलं. पाठक काका बँकेतून निवृत्त झालेले, क्लासमधले सर्वांत जुने विद्यार्थी, अतिशय सज्जन. ताराबाईंनी कमरेवर हात ठेवून चित्र पाहिलं.

"काका, माझी चमकी कुठंय?"

"चमकी?"

"नाकातली. तुम्ही काढून घेतली का काय?"

काकांनी चमकी घातली. ताराबाई पुन्हा म्हणाल्या, "आन मी एवढी गोरी कधीपासून झाले?"

त्यावरून पुढचा प्रसंग घडला. काकांनी पिशवीतून रंगाची एक नळी काढून दाखवली. नळीवर छापलंच होतं, कातडीचा रंग. दुकानात मिळतो, त्यात त्यांचा काय दोष? बाईंनी ती नळी घेतली आणि प्रत्येकाच्या मनगटावर एकेक ठिपका लावत फिरल्या. ताराबाईंच्या हातावर तो खडूसारखा दिसला, माझ्या हातावर भिंतीच्या पुट्टीसारखा. खुद्द काकांच्या गोऱ्या हातावरही तो ठिपका वेगळा उठून दिसत होता.

"मग ही कुणाची कातडी आहे?" बाईंनी विचारलं.

"बाहुलीची असणार," काका म्हणाले आणि नळी त्यांनी स्वतःच केराच्या डब्यात टाकली.

त्या दिवशी बाईंनी आम्हाला सावळा रंग मिसळायला शिकवलं. भाजक्या मातीचा तांबूस रंग आणि त्यात निळा. नळीतला काळा अजिबात नाही, पांढरा सगळ्यात शेवटी आणि तोही कंजूषपणे. ताराबाईंच्या कपाळाकडे बोट करून म्हणाल्या, "खिडकीचं आभाळ पडलंय बघ तिथे. सावळ्या माणसाच्या चेहऱ्यात आभाळ जास्त दिसतं."

मी पेटले. घरी जाऊन त्या नळीविरुद्ध पत्रक लिहिलं, छापून आणलं, पुढच्या रविवारी वाटलं. बाईंनी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचलं.

"मुद्दा बरोबर आहे. 'निषेध' तीनदा आलाय, एकदा पुरे."

मग त्यांनी पत्रकाचे चार तुकडे केले आणि एका तुकड्यानं ब्रश पुसला.

"बाई!"

"कागद चांगला निवडलास गं. तेल मस्त शोषतो. अजून आहेत?"

मी तेव्हा फणफणले. पण पुढे युनियनच्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा दर महिन्याला मीच क्लासमध्ये नेऊन ठेवू लागले. बाई पुसण्याआधी प्रत्येक पत्रक वाचायच्या, हे मी पाहिलं होतं. मला त्या 'पत्रकवाली' म्हणायच्या.

खोलीच्या कोपऱ्यात एक कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असायचा. त्यात गुपित काही नव्हतं, सगळ्या क्लासला माहीत होतं. तो बाईंच्या आईचा. आई निफाडकडे दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरीला जायची. बाई पाचवीत असताना ती गेली. तिचा एकही फोटो नव्हता. होता तो अर्धवट फोटो. गावच्या जत्रेत फोटोवाला आला होता, मागे रंगवलेल्या ताजमहालाचा पडदा. आईनं थोरल्या मुलाला आणि सुमनला पुढे उभं केलं आणि स्वतः बाजूला सरकली. फोटोत दोन मुलं आहेत, ताजमहाल आहे आणि कडेला सुमनचा झगा सरळ करणारी चार बोटं आहेत. आई तेवढीच.

बाई म्हणायच्या, "माझ्या हातून इतक्या लोकांचे चेहरे झाले. एकच राहिलाय, आणि तो दर वर्षी थोडा पुसट होतोय. मी विसरायच्या आत तो व्हायला पाहिजे."

म्हणून त्या बाजारात एक डोळा मिटून बघत फिरायच्या. त्या आई गोळा करत होत्या. ताराबाईंना आणलं ते कानासाठी. दागिन्याच्या ओझ्यानं ओघळलेला कान आईचा तसाच होता. कांदे निवडणाऱ्या एका बाईंची हनुवटी, बसस्टॉपवर भेटलेल्या एका शिक्षिकेचं कपाळ. प्रत्येकीला खरं सांगायच्या, "माझ्या आईचं कपाळ तुमच्याकडे आहे. दोन रविवार द्याल का?" मला वाटलं होतं, बायका चिडतील. एकही चिडली नाही. उलट कपाळवाल्या शिक्षिका पुढे सणावाराला बाईंकडे यायला लागल्या.

पण नियम म्हणजे नियम. चित्र झालं की आक्षेप कोण घेणार? बसणारी तर नव्हती. आईला पाहिलेलं जगात आता बाईंखेरीज एकच माणूस उरलं होतं, बाईंचे थोरले भाऊ. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, बाई दादा म्हणतात. निफाडच्या पुढे त्यांची थोडी बाग आहे आणि कांदा साठवायची चाळ. तोंडात कायम बिडी. बाईंनी आक्षेपाचा अधिकार त्यांना दिला.

मी क्लासला यायच्या आधी बाई एकदा चित्र घेऊन गेल्या होत्या. पाठक काकांच्या गाडीतून, मागच्या सीटवर ओला कॅनव्हास आडवा ठेवून. नानांनी बिडी तोंडात तशीच ठेवून निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाई देखणी हाय. कोण म्हणायची ही?" हे सगळं काका सांगायचे. बाईंनी परत आल्या आल्या चेहरा खरवडला.

दुसऱ्या खेपेला मी होते. कॅनव्हास सरकू नये म्हणून मागे बसून तो धरायचं काम माझं. बाई बांगड्या सारख्या मागेपुढे करत होत्या. नानांच्या अंगणात आम्ही चित्र खाटेला टेकवून उभं केलं. आई मांडीवर हात घेऊन बसलेली, सरळ आपल्याकडे बघणारी, चेहरा समईसारखा शांत. मला ते फार सुंदर वाटलं. ताराबाईंचा कान मी ओळखला.

नानांनी धूर सोडला. "ही आपली मामी हाय."

"दादा, नीट बघ."

"नीटच पाहतोय ना. मामीच. आन नाक चुकलंय. आईचं नाक माझ्यासारखं व्हतं."

"माझ्यासारखं होतं!"

"तुझं नाक बापाचं हाय, सुमे. आरशात पाह्य."

"तुला काय आठवतंय? लुगडं हिरवं होतं की निळं, सांग बरं."

"हिरवं."

"निळं होतं. झालं? याला धड लुगडं आठवत नाही आणि नाक आठवतंय!"

दोन पिकल्या केसांची माणसं अंगणात नाकावरून भांडत होती आणि पाठक काका द्राक्षं खात मजा बघत होते. मला मात्र संताप आला होता. एवढं देखणं चित्र, आणि एका माणसाच्या शब्दावर खरवडायचं? परत निघाल्यावर मी म्हणाले, "बाई, नानांना चित्रातलं काय कळतं? ठेवा तसंच."

"नियम कुणासाठी आहे मग? ताराबाईंपुरता?"

तत्त्वाच्या बाबतीत कुणी मला गप्प करतं तेव्हा मला ते आवडतं, एवढं मी प्रामाणिकपणे सांगते.

ओझर आलं तेव्हा बाई आपण होऊन बोलल्या. "पत्रकवाली, मी आईला अशी बसलेली कधी बघितलीच नाही गं. हात मांडीवर घेऊन. आणि एवढी शांत तर कधीच नव्हती."

"मग तशी का काढली?"

बांगड्या मागे सारत म्हणाल्या, "भिंतीवरच्या तसबिरीत माणसं तशीच असतात ना. मी तिला हार घालायच्या तयारीनंच काढत होते."

पुढच्या रविवारी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. माझा महिना केव्हाच संपला होता.

"मी? माझ्यात तुमच्या आईसारखं काय आहे?"

"अजून दिसलं नाही. थोडं थांब." त्यांनी रंग काढले आणि सांगायला लागल्या. एकदा त्या शाळा बुडवून आईच्या मागे बागेत गेल्या होत्या. आई मांडवाखाली घड काढत होती, पाठमोरी. सुमनच्या पावलांचा आवाज आला तशी हात वरच ठेवून तिनं नुसती मान वळवली आणि पाहिलं. "शब्द नाही बोलली. मी तशीच शाळेपर्यंत पळत गेले. तो चेहरा मला पक्का आठवतोय. फक्त भुवईचं काय झालं होतं ते हातात येत नाही."

मी मान वळवून बसले, हात वर. बाई माझ्याकडे एक डोळा मिटून बघत राहिल्या. ब्रश हलेना. मग अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? तुझी ती पत्रकं कुणी वाचतं का गं? की सगळी पुसायलाच?"

"काय?"

"नाही, एवढा कागद जातो. त्यापेक्षा तू बँकेची परीक्षा दे. काका, बँकेत बरं असतं ना?"

"एकदम निवांत," पाठक काका म्हणाले.

माझ्या डोक्यात सणक गेली. ज्या बाई प्रत्येक पत्रक वाचतात, त्यांनी असं बोलावं? मी तोंड उघडलं, आणि बाई ओरडल्या, "भुवई! डावी! तशीच ठेव, अजिबात बोलू नकोस!"

आणि त्यांचा हात सुटला. इतक्या जोरात रंग लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी चिडलेली, हात वर, मान वळलेली, आणि बोलायला बंदी. माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड धरणं तेच. मध्येच मला हसू यायला लागलं तर काका मागून हळूच म्हणाले, "पेन्शनही मिळते," आणि भुवई पुन्हा वर गेली.

संपल्यावर बाईंनी एका पत्रकाचा तुकडा घेऊन ब्रश पुसला, त्यावरची ओळ वाचली आणि म्हणाल्या, "हे चांगलं लिहिलंयस." त्यांची माफी मागायची पद्धत ही अशी.

तिसऱ्या खेपेला आम्ही निघालो तेव्हा निफाडकडे द्राक्षांचा हंगाम भरात होता, रस्त्यात क्रेटनं भरलेले टेम्पो. मला नागपूरला नोकरी लागली होती, पुढच्या आठवड्यात जायचं होतं, म्हणून मी हट्टानं आले होते. बाई पुढच्या सीटवर होत्या. एकदाच म्हणाल्या, "या खेपेला नाही म्हणाला तर परत नाही काढणार. माझ्याजवळ होतं तेवढं सगळं यात घातलंय." त्यांच्या आवाजात रडकेपणा नव्हता, पण काकांनी गाडी हळू केली.

नाना अंगणात खाटेवर बसले होते. नुकतीच बिडी पेटवली होती. "आली का आर्टिस्ट," म्हणाले. "या खेपेला कोण, आत्या?"

मी आणि काकांनी कॅनव्हास उतरवून दाराशी उभा केला आणि बाजूला झालो. हिरव्या अंधारात निळ्या लुगड्यातली, हात वर केलेली एक सावळी बाई कुणाची तरी चाहूल लागून वळून बघत होती. डावी भुवई चढलेली. चित्र पुरतं वाळलेलं नव्हतं. गालावर पिठाचे बारीक कण होते, वाटेतली धूळ बसावी तसे.

नाना उठून जवळ आले. तीन-चार पावलांवर थबकले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाई बघत होत्या त्यांच्या हाताकडे. मग मीही तिकडे पाहिलं. बिडीचा हात हळूहळू पाठीमागे गेला होता. बोटांतून बिडी खाली पडली आणि नानांनी चित्रावरची नजर न काढता ती चपलेखाली दाबली.

बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, "आक्षेप?"

नानांनी टोपी सारखी केली. "लुगडं हिरवंच व्हतं," म्हणाले. "बाकी काय नाय."

"आणि नाक?"

"माझंच हाय."

"माझं आहे, दादा."

"बरं बाई, तुझं."

बाईंनी अंबाड्यातला ब्रश काढला, पदराला पुसला आणि परत खोचला. चित्र तिथेच राहणार होतं, आणि त्या रात्री बाईही. आम्हाला उजेडात नाशिकला पोचायचं होतं. निघताना मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला सरळ उभं केलं. "आपल्यात वाकायचं नाही. पत्रकं पाठवत जा. पुसायला लागतात."

आता नागपूरहून मी पाठवते. माझ्या फलकांवर आता चेहरे असतात, कामावर असलेल्या माणसांचे, वळून बघणारे.

त्या दिवशी काकांनी गाडी वळवली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. बाई खाटेवर पाय वर घेऊन एकट्याच बसल्या होत्या, समोर आई. नाना शेजारी दिसेनात. मग कांद्याच्या चाळीमागून धुराची एक बारीक रेघ वर चढताना दिसली. बाईंनीही ती पाहिली असावी. त्या हसत होत्या, शर्टाची बटणं पाठीवर, एक डोळा मिटून.